तपासणाऱ्याचे मन : औषधज्ञांच्या उमेदवारीच्या वर्षाविषयी

मराठी घरात औषध देणाऱ्या माणसाला निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे मिळाली आणि त्यांपैकी एकही त्याला पुरते बसले नाही. आमच्या लहानपणी तो डॉक्टरांचा कंपाउंडर होता, तांबड्या औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी डकवून डोसांच्या खुणा करून देणारा. पुढे दुकानालाच आपण ‘मेडिकल’ म्हणू लागलो आणि तो मेडिकलवाला झाला. सरकारी दप्तरात मात्र तो औषधनिर्माण अधिकारी म्हणून रुजू होतो, जरी त्याच्या हातून सहसा काहीच निर्माण होत नाही. दुसऱ्याने लिहून दिलेले औषध योग्य रोग्याला, योग्य मात्रेत, योग्य वेळी जाते आहे की नाही हे पाहणे आणि जात नसेल तर ते वाटेतच थांबवणे हे ज्याचे खरे काम, त्याच्यासाठी आपल्या बोलीत शब्द रुळला नाही, कारण ते काम होताना आपण कधी पाहिलेच नाही. या प्रस्तावनेपुरता मी त्याला औषधज्ञ म्हणतो.

पुढील पानांचा विषय आहे तो पदवी घेतल्यावर रुग्णालयात एक किंवा दोन वर्षांची उमेदवारी करणाऱ्या तरुण औषधज्ञांच्या मनाची अवस्था, त्यांच्यावर येणारा ताण आणि त्यांतील कित्येकांना जडणारे नैराश्य. ही उमेदवारी, जिला तेथे रेसिडेन्सी म्हणतात, अमेरिकेत रुजली, वाढली आणि तिच्या गुणदोषांची चर्चाही तेथेच सर्वांत अधिक झाली. म्हणून माझे विवेचन मुख्यतः त्या देशाला धरून आहे. परंतु आपल्याकडेही २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू झाला, त्याचे अखेरचे वर्ष रुग्णालयात काढावे लागते, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेतील रुग्णालयांत हीच उमेदवारी करीत आहेत. विषय परका आहे असे मानून हे पुस्तक मिटून ठेवण्याची सोय मराठी वाचकाला उरलेली नाही.

ही उमेदवारी सुरू कशी झाली हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण तिच्यातील ताणाचे बीज तिच्या इतिहासातच आहे. १९२७ साली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी औषधज्ञांना हाताखाली घेऊन शिकवण्याचा पहिला पद्धतशीर उपक्रम सुरू केला. १९४२ साली रुग्णालयीन औषधज्ञांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या संघटनेने रेसिडेन्सीला मान्यता देण्याचे नियम घालून दिले. तोवर औषधज्ञाची जागा रुग्णालयाच्या तळघरात असे. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावरील शस्त्रक्रियेच्या रोग्यांसाठी औषधज्ञांना वर, खाटांच्या शेजारी, अहोरात्र बसवण्यात आले आणि त्या एका मजल्यावरून क्लिनिकल फार्मसी नावाची सारी विद्या पसरली. पुढे १९९० साली हेप्लर आणि स्ट्रँड या दोघा विचारवंतांनी असे मांडले की औषध हातात दिले म्हणजे औषधज्ञाचे कर्तव्य संपत नाही, त्या औषधाने रोग्याचे काय झाले याचीही जबाबदारी त्याने उचलली पाहिजे. हे तत्त्व थोर आहे, आणि ते मान्य झाल्यामुळे रोग्यांचे कल्याण झाले आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण तळघरातून नवव्या मजल्यावर चढताना औषधज्ञाने जबाबदारी वर नेली आणि अधिकार बव्हंशी खालीच राहिला, ही गोष्ट या थोर तत्त्वाच्या उत्साहात कोणी फारशी बोलून दाखवली नाही. तो डॉक्टरांना सुचवू शकतो, विनवू शकतो, फार तर औषध अडवून धरू शकतो. हुकूम मात्र त्याचा नसतो.

रेसिडेन्सी कायद्याने सक्तीची नाही. पदवी आणि परवाना मिळालेला कोणीही औषधज्ञ कोपऱ्यावरच्या दुकानात उद्यापासून उभा राहू शकतो आणि चांगला पगार घेऊ शकतो. परंतु ज्याला रुग्णालयात, खाटेजवळ, काम करायचे आहे त्याला या वर्षावाचून दार उघडत नाही अशी स्थिती गेल्या काही दशकांत झाली. जागा थोड्या, अर्जदार पुष्कळ. डिसेंबरात संघटनेचे मोठे अधिवेशन भरते, तेथे काळ्या कोटांतील हजारो विद्यार्थी एका मंडपातून दुसऱ्या मंडपाकडे धावतात. हिवाळ्यात मुलाखती होतात. मग उमेदवाराने आपल्या पसंतीची यादी द्यायची, रुग्णालयाने आपली द्यायची, आणि मार्च महिन्यात यंत्राने दोन्ही याद्या जुळवून जो निकाल लावला तो दोघांवर बंधनकारक. ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६ पासून दुसरी फेरी असते. जिंकलेल्या उमेदवाराच्या मनात त्यामुळे पहिल्याच दिवशी एक भावना घर करून बसते की आपल्याला जे मिळाले ते शेकडोंना नाकारले गेले आहे, तेव्हा तक्रार करण्याचा आपल्याला हक्क नाही. माझ्या मते पुढच्या साऱ्या मौनाचा उगम येथे आहे.

वर्ष जुलैच्या सुमारास सुरू होते. दर चार-सहा आठवड्यांनी विभाग बदलतो, आज अतिदक्षता, मग हृदयरोग, मग जंतुसंसर्ग, मग कर्करोग. आणि प्रत्येक विभागाबरोबर शिकवणारा वरिष्ठ, ज्याला तेथे प्रिसेप्टर म्हणतात, तोही बदलतो. एखाद्या विभागाची वाट पायाखालची होते न होते तोच उमेदवार पुन्हा सर्वांत अडाणी माणूस म्हणून नव्या दारात उभा असतो. याशिवाय दोन-तीन आठवड्यांतून एकदा शनिवार-रविवारची पाळी, वर्षभराचा संशोधन-प्रकल्प, व्याख्याने, औषधांची परीक्षणे, विद्यार्थ्यांना शिकवणे, आणि या प्रत्येक गोष्टीचे लेखी मूल्यमापन. वेतन पूर्ण औषधज्ञाच्या पगाराच्या साधारण निम्म्याहूनही कमी. आणि डोक्यावर शिक्षणाचे कर्ज, जे लाख डॉलरांच्या वर असणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. त्यातून ज्याला दुसऱ्या वर्षाची विशेष रेसिडेन्सी हवी आहे त्याला पुढचे अर्ज पहिले वर्ष अर्धे होण्याच्या आतच तयार करावे लागतात. म्हणजे जे पाच महिने चुकत-माकत शिकण्याचे, तेच पाच महिने शिफारसपत्र देणाऱ्यांच्या नजरेत निर्दोष दिसण्याचे. शिकणे आणि निर्दोष दिसणे या दोन गोष्टी एका वेळी एकाच माणसाकडून मागणे हे मला अन्यायाचे वाटते.

येथवर मी व्यवस्थेविषयी लिहिले. मला हा विषय कळला तो मात्र व्यवस्थेतून नव्हे, एका स्वयंपाकघरात.

माझा एक वर्गबंधू आमच्याबरोबर फार्मसी शिकून अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. त्याची मुलगी तेथेच जन्मली, वाढली, औषधज्ञ झाली, आणि आईवडिलांच्या घरापासून तीन तासांच्या अंतरावरील शहरात रेसिडेन्सीला लागली. नोव्हेंबर सरता सरता मी तिकडे गेलो असताना दोन दिवस तिच्याकडे उतरलो. सांगलीची तिची आजी फोनवर तिला अजून विचारते की बाळ, तू तुझं मेडिकल कधी काढणार, हे तिने मला हसत सांगितले, आणि हसता हसता एकदम थांबली. रात्री पाणी घेण्यासाठी मी तिचे फ्रीज उघडले. आत, वरच्या कप्प्यात, आईने पाठवलेले डबे एकावर एक रचलेले होते, आणि प्रत्येक डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर आईच्या अक्षरात पदार्थाचे नाव आणि तारीख होती : आमटी, १२ ऑक्टोबर, बटाट्याची भाजी, १२ ऑक्टोबर, पुरणपोळी, २६ ऑक्टोबर. एकही झाकण उघडलेले नव्हते. दिवसभर शेकडो औषधांवरच्या मुदतीच्या तारखा वाचणारी ही मुलगी, तिला या तारखा दिसल्या नसतील असे नाही. डबा उघडून, वाढून घेऊन, गरम करून खाण्याइतकी शक्तीच तिच्यात रात्री उरत नसे. फोनवर मात्र ती दर रविवारी आईला सांगे, “बरं चाललंय, जेवले मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने मला मागील आठवड्यातील एक हकिगत सांगितली. शनिवारची पाळी होती. मांडीचे हाड मोडलेली एक वृद्ध बाई दाखल झाली. तिला संधिवात होता, आणि त्यासाठी ती घरी मेथोट्रेक्सेट घेत असे. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. रोज दिले तर रक्तपेशी निर्माण करणारी मज्जाच ते मारून टाकते, आणि अशा चुकीने जगभर माणसे दगावली आहेत. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांनी घरच्या औषधांची यादी उतरवताना ‘दर आठवड्याला’ ऐवजी ‘दररोज’ असे नोंदवले होते. पडद्यावर त्या वेळी साठ-सत्तर नोंदी तपासणीसाठी थांबलेल्या होत्या. ही त्यांपैकी एक. तिने ती पाहिली, थांबवली, रोगी बाईच्या मुलीला फोन करून खात्री केली, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं, बदलतो,” आणि फोन ठेवला. तिने दप्तरी दोन ओळींची नोंद केली आणि पुढची नोंद उघडली. सारे काही चार-पाच मिनिटांत आटोपले. त्या वृद्धेला, तिच्या मुलीला, वॉर्डातील कोणालाही कधी कळणार नाही की त्या शनिवारी एक मृत्यू वाटेतूनच परत फिरला.

मी म्हटले, “अगं, केवढं मोठं काम केलंस तू!” तिने कपाकडे पाहत उत्तर दिले, “काका, ते एक दिसलं. न दिसलेली किती गेली असतील, ते कसं कळणार?”

मला या विषयावर जे काही सांगायचे आहे ते सारे तिच्या या प्रश्नात आहे. शल्यचिकित्सकाला बरा झालेला रोगी चालत घरी जाताना दिसतो; परिचारिकेला उतरलेला ताप दिसतो; शिक्षकाला उत्तीर्ण झालेला विद्यार्थी दिसतो. औषधज्ञाचे यश म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि न घडलेल्या गोष्टीला चेहरा नसतो, तिचे कोणी आभार मानीत नाही, तिची आठवणही राहत नाही. अपयश मात्र घडलेले असते, त्याला नाव असते, तारीख असते, कागद असतो. अनुभवी माणसाने वर्षानुवर्षे या असमतोलाशी तडजोड करून घेतलेली असते. तो जाणतो की आपण जाळ्यातील एक धागा आहोत, सारे जाळे नव्हे. उमेदवाराला हे अजून कोणी शिकवलेले नसते, आणि त्याच्या वाट्याला दर महिन्याला येते ते केवळ काय सुटले याचे लेखी मूल्यमापन.

ही भीती कल्पनेतील नाही. २००६ साली ओहायो राज्यात क्लीव्हलँड येथे कर्करोगाच्या उपचाराच्या अखेरच्या टप्प्यात असलेली एक दोन वर्षांची बालिका दगावली, कारण औषधाच्या पिशवीत ०.९ टक्के मिठाच्या पाण्याऐवजी २३.४ टक्के तीव्रतेचे द्रावण मिसळले गेले होते. मिसळणारी व्यक्ती सहायक होती. तपासून सही करणारा औषधज्ञ होता. त्या दिवशी संगणकयंत्रणा बंद पडल्याने काम साचले होते. २००९ साली त्या औषधज्ञाला सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि त्याचा परवानाही गेला. त्या आईबापांच्या दुःखापुढे कोणतेही दुसरे दुःख मांडण्याची माझी इच्छा नाही. ते तसे मांडता येतही नाही. पण औषधज्ञांच्या महाविद्यालयांतून हा खटला आजही शिकवला जातो आणि तो ऐकून वर्गातून बाहेर पडलेला विद्यार्थी उद्या त्याच जागी सही करायला बसतो, हे विसरून चालणार नाही. डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली एका लहानशा लेखात म्हटले होते की वैद्यकीय चुकीचा पहिला बळी रोगी असतो आणि दुसरा बळी ती चूक ज्याच्या हातून घडली तो. उमेदवार औषधज्ञाची गोष्ट याच्याही पलीकडची आहे. त्याच्या हातून अद्याप काही घडलेले नसते, आणि तरीही तो रात्री दोन वाजता उठून दिवसभराच्या नोंदी मनातल्या मनात पुन्हा तपासत असतो.

आता शब्दांविषयी थोडेसे. आपण ‘टेन्शन आलंय’ आणि ‘डिप्रेशन आलंय’ ही दोन वाक्ये हल्ली एकाच श्वासात बोलतो, आणि त्यामुळे दोहोंचीही किंमत गेली आहे. ताण म्हणजे अंगावरच्या ओझ्याचा आणि अंगच्या बळाचा मेळ न बसणे. ओझे उतरले की ताण सहसा उतरतो, आणि थोड्या ताणाशिवाय कोणतीही विद्या पदरात पडत नाही. नैराश्य हा आजार आहे. त्यात झोप जाते किंवा झोपच झोप येते, भूक मरते, आवडीच्या गोष्टीतील रस आटतो, चित्त स्थिर होत नाही, आपण कुचकामी आहोत असे खोलवर वाटू लागते, आणि हे सारे ओझे उतरल्यावरही उतरत नाही. त्याला औषध लागते, समुपदेशन लागते, मुदत लागते. दोहोंच्या मोजमापाची साधनेही वेगळी आहेत. ताणासाठी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली केलेली प्रश्नावली वापरतात, जिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत शून्यापासून ४० पर्यंत गुण असतात; नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची, मागील दोन आठवड्यांविषयी विचारणारी प्रश्नावली आहे, जिच्यात २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर वैद्याने नीट विचारपूस करावी असा संकेत आहे, आणि जिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे.

ताणाच्या प्रश्नावलीवर अमेरिकेतील सर्वसामान्य प्रौढांची सरासरी १३ च्या आसपास आली होती. औषधज्ञ उमेदवारांची मोजणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत ती १९ च्या आसपास निघाली. आणि आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करणाऱ्यांचा ताण इतरांहून अधिक आढळला. डॉक्टरांच्या उमेदवारीचा अभ्यास याहून विस्तृत झालेला आहे, आणि दोन्ही वर्षांची घडण इतकी सारखी आहे की तो येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. २०१५ साली ५४ अभ्यासांतील साडेसतरा हजारांहून अधिक निवासी डॉक्टरांची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा त्यांतील २८.८ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती २०१० सालची पाहणी. तीत त्याच तरुण डॉक्टरांना उमेदवारीपूर्वी आणि उमेदवारी चालू असताना तीच नऊ प्रश्नांची यादी देण्यात आली. आधी ३.९ टक्के नैराश्याच्या कक्षेत होते. त्या वर्षात हे प्रमाण सरासरी २५.७ टक्क्यांवर गेले. माणसे तीच होती. बदलले होते ते वर्ष. ‘ही पिढीच नाजूक आहे, आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे जे वरिष्ठ म्हणतात, त्यांनी या दोन आकड्यांपुढे क्षणभर थांबावे.

कामाच्या तासांवर मर्यादा कशी आली ही कहाणी औषधज्ञांना विशेष जवळची आहे. १९८४ च्या मार्च महिन्यात न्यू यॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. ती फेनेल्झिन नावाचे नैराश्यावरील औषध घेत होती. तिला रुग्णालयात मेपेरिडीन दिले गेले. ही दोन औषधे एकत्र येणे जिवावर बेतू शकते. मृत्यूच्या नेमक्या कारणावर न्यायालयात पुष्कळ वाद झाला, पण थकलेले, देखरेखीवाचून सोडलेले उमेदवार डॉक्टर हा मुद्दा लोकांपुढे आला तो कायमचा. १९८९ साली न्यू यॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ साली ती देशभरच्या उमेदवार डॉक्टरांना लागू झाली. औषधज्ञांच्या संघटनेनेही आपल्या रेसिडेन्सीसाठी तोच दंडक स्वीकारला, चार आठवड्यांच्या सरासरीने ८० तास आणि सात दिवसांत एक दिवस मोकळा. एका मुलीच्या कागदावर दोन विसंगत औषधे एकत्र आली आणि ती कोणाच्या नजरेस पडली नाहीत. नेमके हेच पाहण्यासाठी औषधज्ञाला नवव्या मजल्यावर आणलेले आहे. तेव्हा त्याचे डोळे मिटत आले असताना त्याला तेथे बसवून ठेवण्यात कोणाचे हित आहे? आणि ८० तास ही मर्यादा आहे याचा अर्थ ८० तास हे माणसाने सोसावे असे प्रमाण आहे, असा होत नाही. शिवाय घरी नेलेले काम, रात्री जागून केलेले व्याख्यानाचे फलक आणि प्रकल्पाची आकडेमोड कोणत्या हजेरीपटावर चढते?

माझ्या वर्गबंधूच्या मुलीकडे पुन्हा वळतो. पुढचे मी तिच्या संमतीने लिहीत आहे. जानेवारीत तिची नेमणूक बाह्यरुग्ण विभागात झाली. तेथे येणाऱ्या मधुमेहाच्या रोग्यांना ती ती नऊ प्रश्नांची यादी वाचून दाखवी आणि उत्तरे नोंदवी. दिवसाला पाच-सहा वेळा. एका संध्याकाळी शेवटच्या रोग्याला प्रश्न विचारता विचारता तिच्या ध्यानात आले की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपण मनात स्वतःसाठीही देत आहोत. खोली रिकामी झाल्यावर तिने गुणांची बेरीज केली. ती १६ आली. रोग्याचे गुण १६ आले असते तर तिने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले असते, तो तेथील शिरस्ता आहे. स्वतःच्या १६ गुणांविषयी ती तीन आठवडे कोणाशी बोलली नाही. कारण विचारल्यावर तिने जे सांगितले ते मी जवळजवळ जसेच्या तसे देतो : ज्या माणसाला सांगायचं, तोच माझं मूल्यमापन लिहितो, आणि परवान्याच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, असं आम्ही ऐकलं होतं.

ऐकलेले अगदीच खोटे नव्हते. अमेरिकेतील आरोग्यसेवकांना परवाने देणाऱ्या काही राज्यमंडळांच्या अर्जांत असे प्रश्न दीर्घकाळ होते, आणि ते काढून टाकावेत म्हणून चळवळ चालू आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी महामारीच्या ऐन भरात स्वतःचे जीवन संपवले; उपचार घेतल्याचे उघड झाले तर आपली सनद जाईल या धास्तीत त्या होत्या असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. त्यांच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला आणि आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्यासाठी सरकारी निधी मिळू लागला. कायदा झाला हे चांगले झाले. परंतु दोन-तीनच उमेदवार असलेल्या लहानशा रुग्णालयात, जेथे सर्व जण सर्वांना ओळखतात, गुप्ततेचे आश्वासन कागदावर कितीही ठळक असले तरी उमेदवाराला ते खरे वाटत नाही, आणि तेथे कायद्याचा हात पोचत नाही.

आता उपायांविषयी. गेल्या दशकात या प्रश्नाकडे लक्ष गेले आहे हे मान्य केलेच पाहिजे. संघटनेने आरोग्यसेवकांच्या हितासाठी उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय प्रयत्नात भाग घेतला, अनेक रुग्णालयांनी उमेदवारांसाठी कल्याण-समित्या नेमल्या, श्वसनाचे वर्ग आणि सहनशक्ती वाढवण्याची व्याख्याने सुरू केली. यांतील माणसांचा हेतू शुद्ध आहे. पण ओझ्याखाली वाकलेल्याला पाठ बळकट करण्याचे व्याख्यान, आणि तेही त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, ऐकवणे म्हणजे दोष पाठीचा आहे असे त्याला सांगणे होय. माझे मत स्पष्ट आहे. प्रत्येक उमेदवाराला एक असा वरिष्ठ मिळाला पाहिजे ज्याच्या हाती मूल्यमापनाची लेखणी नाही. ती नऊ प्रश्नांची यादी वर्षातून तीन-चार वेळा सर्वांनाच द्यावी आणि तिची उत्तरे रुग्णालयाबाहेरच्या वैद्याकडे जावीत. पकडलेल्या चुकांची, म्हणजे त्या दोन ओळींच्या नोंदींची, महिन्यातून एकदा सर्वांसमोर गणती व्हावी, म्हणजे न घडलेल्या गोष्टीला निदान एक दिवस चेहरा मिळेल. आणि शिकवणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या चुका उमेदवारांना सांगाव्यात. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे, आणि मी स्वतः शिकवत असताना ते केले नाही. तीस-बत्तीस वर्षे वर्गात उभा राहून मी मात्रांची गणिते शिकवली, पण उमेदवारीत एका मुलाच्या औषधात दशांशचिन्ह चुकवले होते आणि एका वृद्ध परिचारिकेने ते पाहिले म्हणून तो मुलगा वाचला, हे मी एकाही विद्यार्थ्याला सांगितले नाही.

त्या मुलीने अखेर सांगितले ते एका प्रिसेप्टर बाईंना, ज्यांनी एका दुपारी सहज बोलताना आपल्या रेसिडेन्सीच्या वर्षात आपण उपचार घेतले होते असा उल्लेख केला होता. त्या एका वाक्याने जे दार उघडले ते कोणत्याही समितीने उघडले नव्हते. बाईंनी तिला दुसऱ्या शहरातील वैद्याचे नाव दिले, एका रविवारची तिची पाळी स्वतःकडे घेतली, आणि प्रकल्पाची मुदत पुढे ढकलण्याचा अर्ज तिच्याबरोबर बसून लिहिला. औषध सुरू झाल्यावर सहा-सात आठवड्यांनी झोप परतली. जूनअखेर तिने वर्ष पुरे केले. आज ती एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात औषधज्ञ आहे आणि तिच्या हाताखाली दरवर्षी दोन उमेदवार असतात.

आपल्याकडील फार्म.डी.च्या मुलामुलींविषयी असाच वेगळा ग्रंथ कोणीतरी लिहिला पाहिजे. त्यांच्या डोक्यावर अमेरिकेतील उमेदवाराचे ओझे आहेच, आणि शिवाय वॉर्डात त्यांचे पद कोणते हेच पुष्कळ ठिकाणी ठरलेले नाही. डॉक्टर त्यांना विद्यार्थी समजतात, परिचारिका पाहुणे समजतात, आणि घरी आजी विचारते की मेडिकल कधी काढणार.

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांत अशा उमेदवारांचे आईवडील असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. रविवारच्या फोनवर ‘बरं चाललंय’ असे उत्तर आले की तेथे थांबू नका. काय जेवलीस, केव्हा जेवलीस, काल किती वाजता झोपलीस, हे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. आणि स्वतः उमेदवारांना सांगायचे ते एवढेच की अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना पैसे पडत नाहीत, आणि १४४१६ वर मराठीत बोलता येते.